यादीतलं शेवटचं पुस्तक

“पुस्तक हाय. एकच हाय. आणि ते मी देणार न्हाई,” फोनवरच्या बाई म्हणाल्या.

“मला ठेवून घ्यायचं नाहीये,” मी म्हटलं. “झेरॉक्स काढते आणि लगेच परत पाठवते. अगदी जपून पाठवीन.”

“सगळी असंच म्हणत्यात. बाकीच्या प्रती अशाच गेल्या. तुला वाचायचंच हाय न्हवं? मग हितं येऊन वाच की. धारवाड काय विलायतेत न्हाई.”

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. पण मी फोन ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. तिथलं कपाट आदल्याच दिवशी विकलं गेलं होतं आणि मागे रंग न उडालेला एक चौकोन उरला होता. नाशिकच्या आमच्या घरात तेव्हा असे बरेच चौकोन होते. कारण विलायतेला मीच निघाले होते.

माझा नवरा श्रीरंग जलविद्युत प्रकल्पांवर काम करणारा इंजिनिअर. त्याला नॉर्वेत, ट्रॉन्डहाइमला नोकरी मिळाली. तिकडच्या शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणून आमच्या नऊ वर्षांच्या ओवीला घेऊन तो आधी गेला. मी मागून जायचं ठरलं होतं. घर आवरायचं, माझ्या तिसऱ्या कादंबरीची मुद्रितं तपासून द्यायची आणि विमानात बसायचं. मुद्रितं सप्टेंबरात हातावेगळी झाली. दिवाळी आली आणि गेली. मी नाशिकमध्येच.

श्रीरंगला मी सांगत होते की यादी संपायचीय.

ही यादी मी मोठ्या उमेदीनं केली होती. जाण्याआधी वाचायची पुस्तकं. आयुष्यभर ‘कधीतरी वाचू’ म्हणून बाजूला ठेवलेलं सगळं त्यात होतं. खानदेशातल्या म्हणींचा एक जाडजूड संग्रह, कोळ्यांच्या बायकांनी सांगितलेली गाणी, एका वैद्यानं लिहिलेली झाडपाल्याची पोथी, कुणाकुणाच्या विस्मरणात गेलेल्या कादंबऱ्या. तिकडे माझ्या कानावर मराठी पडणार ती श्रीरंगची आणि ओवीची, आणि ओवीची किती दिवस टिकणार, कोण जाणे. म्हणून इथून निघताना पोटभर वाचून निघायचं, असा माझा हिशेब. एखादं पुस्तक वाचून झालं की मी त्यावर रेघ मारायची आणि त्याच्या खाली दोन नवी नावं लिहायची.

“यादी कमी होतेय की वाढतेय?” श्रीरंगनं एकदा हसत विचारलं. मग हसणं थांबलं. तिकीट मी दोनदा पुढे ढकललं होतं. आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं होतं, आणि तेही रद्द करता येईल का, याची चौकशी मी एजंटाकडे करून ठेवली होती. हे श्रीरंगला माहीत नव्हतं. ओवीनं तर माझ्याशी फोनवर बोलणंच सोडलं होतं. “आली की बोलीन म्हणते,” तो सांगायचा.

नवी नावं सुचायची थांबली तेव्हा यादीत शेवटी राहिलेलं पुस्तक होतं ‘पैलाडची शेतं’. लेखिका अनसूया शेटे. एकोणीसशे एकाहत्तर साली छापलेली ही कादंबरी मला कुठल्याही ग्रंथालयात पुरी मिळाली नव्हती. नाशिकला तिचं कार्ड होतं, पुस्तक नव्हतं. सांगलीला पुस्तक होतं, पण त्याचा मधला अर्धा भाग कुणीतरी फाडून नेला होता. त्या उरलेल्या पानांनीच मला वेड लावलं. कृष्णाकाठच्या एका गावातली गंगू नावाची बाई. तिची शेतं नदीपलीकडे. रोज ती काहिलीत बसून पलीकडे जाते. काहील म्हणजे गूळ करायची भलीमोठी कढई. त्या भागात तिचीच नाव करतात. असं मराठी मी त्याआधी वाचलं नव्हतं. वाक्य वाचलं की तोंडाला चव यायची.

आणि या बाईंनी पुढे एक ओळ लिहिली नव्हती. साहित्याच्या वर्तुळात त्याचं कारण सगळ्यांना पाठ होतं. ‘मुलगी धारवाडला दिली. घर कानडी. लेखणी गेली.’ मी स्वतः एका चर्चासत्रात हे उदाहरण दिलं होतं. भाषेपासून तुटलं की लेखक संपतो, अनसूया शेट्यांकडे बघा. टाळ्या पडल्या होत्या. त्या अजून हयात आहेत, हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं. बंद पडलेल्या प्रकाशनसंस्थेच्या मालकाच्या मुलानं त्या फोनच्या दोन दिवस आधी त्यांचा नंबर काढून दिला, तेव्हा कळलं.

मी धारवाडची बस पकडली.

धारवाड सकाळी चांगलंच गार होतं. घर कौलारू, पुढे ओसरी, दारात अबोलीची झाडं. एका पन्नाशीच्या बाईंनी दार उघडलं, कानडीत काहीतरी विचारलं आणि मी ‘अनसूयाबाई’ एवढंच म्हटल्यावर मोठ्यानं आत हाक मारली, “अत्ती!” ती त्यांची सून, शैलजा. अत्ती म्हणजे सासूबाई, हे मला पहिल्या दिवशी कळलेलं पहिलं कानडी.

अनसूयाबाई बाहेर आल्या त्या भिंतीला हात लावत. बुटक्या, सावळ्या, कपाळाला विभूतीची आडवी रेघ. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं.

“आलीस व्हय? एवढी लांब? खुळीच हाईस,” त्या म्हणाल्या. “चा घे. मग वाच. पर मनात वाचायचं न्हाई. मोठ्यानं वाच. मला दिसत न्हाई. मी बी ऐकतो.”

‘ऐकतो’ म्हणाल्या त्या, कृष्णाकाठच्या बायका म्हणतात तसं.

पुस्तक त्यांनी लुगड्याच्या घडीतून काढलं. कव्हर नव्हतं, पण पानं सगळी होती. मी ओसरीवर बसले. त्या समोर सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसल्या. मी सुरुवात केली आणि अर्धं पान झालं नाही तोच त्यांनी हात वर केला.

“थांब. ‘गेली होती’ असं काय म्हणतीस? काय लिव्हलंय?”

“गेल्ती.”

“मग तसं म्हण. गंगू काय मास्तरीण हाय?”

मी पुन्हा सुरू केलं. त्या सकाळी त्यांनी मला किती वेळा थांबवलं असेल, सांगता येत नाही. कुठे मी हेल चुकीचा काढायची, कुठे घाई करायची. कधी त्या मधेच खो खो हसत सुटायच्या. “हे मी लिव्हलंय? आगं बया बया. आमची आत्ती जित्ती असती तर मला जित्ती ठेवली नसती!” ज्या प्रसंगावर मी गंभीर होऊन वाचत होते, तिथे त्यांना गावाकडच्या त्या आत्याचं काहीतरी आठवायचं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या.

दुपारी शैलजा कामं आटपून येऊन बसली. तिला मराठी येत नव्हतं. दोन-चार पानं झाली की अनसूयाबाई मला थांबवायच्या आणि तिला कानडीत गोष्ट सांगायच्या. मी दोन पानं वाचलेली असायची आणि त्या दहा पानांएवढं बोलायच्या. हात हलायचे, आवाज बदलायचे. गंगूची सासू बोलायला लागली की नाक मुरडायच्या. मला शब्द कळत नव्हते, पण शैलजाचा चेहरा दिसत होता. पुरात काहील उलटते, त्या प्रसंगाला माझ्या वाचण्यानं कुणाचंच काही झालं नाही. तोच प्रसंग त्यांनी कानडीत सांगितला आणि शैलजानं पदर तोंडाला लावला. मग तिनं तावातावानं काहीतरी विचारलं.

“काय म्हणतात त्या?” मी विचारलं.

“म्हणतीया, गंगूनं आधी पोराचा हात का सोडला? तिनं आधी गुळाची ढेप सोडायची हुती.” अनसूयाबाईंनी शैलजाकडे मान वळवली. “बरोबर हाय तिचं. माझ्या तवा ध्यानात आलं न्हाई.”

संध्याकाळी श्रीरंगचा फोन आला. मी अंगणात जाऊन घेतला.

“कुठे आहेस?”

“धारवाडला. ते पुस्तक मिळालं.”

“हेमांगी, इथे दुपारी तीनला अंधार पडतो. ओवी खिडकीत बसून असते. काल शिक्षिकेनं विचारलं, तुझी आई कुठे आहे, तर म्हणाली, पुस्तक वाचतेय.”

“मी येतेच आहे रे.”

“खरंच?” त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला नुसतं विचारायचं होतं, आणि त्याचंच मला भय वाटलं. “नसशील येणार तर तसं सांग. म्हणजे मी तिला सांगायला मोकळा.”

मी उद्या फोन करते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही, आम्ही वाचत राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं प्रकरण आलं. शैलजा बाजारात गेली होती. गंगूची शेतं विकली जातात. ती अलीकडच्या काठावर उभी राहून पलीकडे दुसऱ्याचे बैल नांगर ओढताना बघते, आणि मग घरी येऊन भाकरी थापते. इतकंच. मी पुस्तक मिटलं. अनसूयाबाई शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या.

“बरी लिव्हली हाय,” त्या म्हणाल्या. जणू दुसऱ्या कुणाची होती.

मग मी तीन दिवस जिभेवर ठेवलेला प्रश्न विचारला. “मावशी, लग्नाआधी तुम्ही असं लिहिलंत. मग इथे आल्यावर तुम्हाला कुणी लिहू दिलं नाही का?”

“लग्नाआधी?” त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “कुणी सांगितलं लग्नाआधी लिव्हली म्हणून?”

“सगळे तसंच—”

“गावात असताना मी एक चिठ्ठी लिव्हली न्हाई कवा. काय लिव्हायचं? सगळं डोळ्यांम्होरं हुतं की. नदी हुती, काहील हुती, आत्ती हुती. जे समोर हाय ते कागदावर कशाला मांडायचं? मी हितं आले सासष्ट साली. ह्याच वसरीवर बसायचे. घरात एक शबुद कळायचा न्हाई. सासू बोलायची, मी मान हलवायची. भांडण असलं तरी मान हलवायची. मंग सगळी कामं झाली की मनात गावाकडची माणसं बोलायला लागायची. इतकी बोलायची की डोकं फुटंल असं वाटायचं. आमचे मालक शाळामास्तर. त्यांना म्हणाले, मला कागद आणून द्या. त्यांना मराठी वाचाय येत न्हवतं, पर गठ्ठा आणून दिला. रोज रात्री जेवताना इचारायचे, ‘इवत्तु एष्टु आतु?’ आज किती झालं? मी बोटं दाखवायची. असं करत तीन-चार वर्सांत ही झाली.”

मी जे उदाहरण सभेत दिलं होतं, ते माझ्यासमोर बसून सूप झाडत होतं.

“मग दुसरी का नाही लिहिलीत?”

“सुरू केल्ती की. बरीच झाली हुती.” त्यांना आठवूनच हसू फुटलं. “मंग एक दिस नळावर भांडण झालं. शेजारची बसव्वा. तिनं माझी घागर सरकवली. रोजचंच हुतं, मी रोज गप ऱ्हायची. त्या दिवशी मात्र तोंड उघडलं, आणि काय सांगू तुला, कानडीत असं अस्सल भांडले! कवा शिकले, कुठं शिकले, माझं मला ठावं न्हाई. एक शबुद अडला न्हाई. बसव्वा तर बघतच ऱ्हायली. सगळी गल्ली जमली. घागर भरून घरी आले ती हसतच. सासू दारात उभी हुती, ती बी हसत हुती. तिनं पैल्यांदा माझ्या पाठीवर हात ठिवला.”

“आणि?”

“आणि काय. दुपारी कागद घिऊन बसले, तर कोण बोलंना. गंगूसारखी दुसरी एक बाई हुती त्यात, ती बोलंना. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. मी लई बोलवलं. मंग कळलं, गाव माघारी गेलं. मला हितं बरं वाटाय लागलं हुतं.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. चार महिनं तो गठ्ठा उशाशी ठिवला हुता. पर पोरगी, बरं वाटणं बी काय वंगाळ असतं व्हय? कुणाकुणाला दोन्ही मिळत असंल. मला एक झालं की दुसरं न्हाई, असं मिळालं. गोड मानून घेतलं.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “आता तू सांग. एवढ्या लांब तू नुसती पुस्तक वाचाय आली न्हाईस.”

मी सांगितलं. नॉर्वे, श्रीरंग, ओवी, न संपणारी यादी, एजंटाकडची चौकशी. आणि हेही सांगितलं की मला पुस्तक हवं होतंच, पण त्याहून जास्त साक्षीदार हवा होता. तुम्ही इथे येऊन कशा मिटून गेलात, हे डोळ्यांनी बघायचं आणि श्रीरंगला सांगायचं, मी येत नाही. कारण विचारलंस तर धारवाडला जाऊन बघ.

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “पोरगी केवढी हाय म्हणालीस?”

“नऊ वर्षांची.”

“ती तिकडं अनोळखी भाषेत मान हलवीत असंल बघ. रोज. तिला कागद आणून देणारं बी कुणी न्हाई. आणि तू हितं बसून माझी गंगू वाचतीयास.”

त्या हे रागावून म्हणाल्या नाहीत. पण मला त्यांच्याकडे बघवेना. अंगणातल्या अबोलीकडे बघत मी बसून राहिले. बाहेर कुणीतरी भाजीवाला ओरडत गेला. थोड्या वेळानं मी उठले, अंगणात जाऊन आधी एजंटाला तिकीट राहू द्या म्हणून आणि मग श्रीरंगला येतेय म्हणून फोन केला. श्रीरंग ‘बरं’ एवढंच म्हणाला आणि फोन ओवीकडे दिला. ती बोलली नाही, पण तिनं फोन ठेवलाही नाही. मी तिला गंगूची गोष्ट सांगायला लागले, आणि काहील म्हणजे काय, हे सांगेपर्यंत ती ऐकत होती. मग म्हणाली, “कढईत पाणी नाही शिरत?”

निघताना मी शेवटचं धाडस केलं. “मावशी, आता तरी पुस्तक द्या. इथल्या इथे झेरॉक्स काढून आणते.”

“न्हाई.”

“का हो? आता तर ओळख झाली आपली.”

“शैलजाला अजून शेवट सांगायचाय. आणि तिनं ढेपेचं काढल्यापास्नं मला तो जरा बदलावा वाटतोय. मी तिला एक सांगायची, आणि तू झेरॉक्स बघून पुस्तकात येगळंच हाय म्हणून भांडायची. नको.” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “जा तू. आणि तिकडं बरं वाटाय लागलं तर भिऊ नको.”

मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रॉन्डहाइमला पोचले. पुढे दोन-तीन वेळा धारवाडला फोन केला. मग एकदा शैलजानं उचलला आणि तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की अत्ती गेल्या. पुस्तक तिच्याकडेच आहे. तिला ते वाचता येत नाही, पण ती ते कुणाला देणार नाही म्हणाली.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. या काळात माझ्या चार कादंबऱ्या आल्या. चारही नाशिकच्या, गोदेच्या, आमच्या गल्लीतल्या माणसांच्या. परीक्षणांत दर वेळी एक वाक्य असतंच, इतकी वर्षं परदेशात राहूनही लेखिकेची भाषा जराही शिळी झालेली नाही. श्रीरंग ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवतो. त्याला अभिमान वाटतो.

नॉर्वेजियन मला येतं. डॉक्टरकडे, बँकेत, शेजाऱ्यांशी अडत नाही. गेल्या फेब्रुवारीत ओवी विद्यापीठातून सुटीला घरी आली होती. आम्ही दोघी दुकानात रांगेत उभ्या होतो. एक उंच म्हातारी बाई मला सरळ डावलून पुढे जाऊन उभी राहिली, आणि वर वळून माझ्या टोपलीबद्दल काहीतरी लागट बोलली. माझ्या तोंडाशी उत्तर आलं. पूर्ण, खणखणीत, एकही शब्द न अडता, थेट त्यांच्या भाषेत. मला ते जिभेवर जाणवलं. आजूबाजूचे लोक बघत होते. एकदोघं माझ्या बाजूनं हसायच्या तयारीत होते.

मी तोंड मिटलं. मान हलवली आणि टोपली जरा मागे घेतली.

घरी येऊन मी कोटसुद्धा न काढता टेबलाशी बसले. गल्लीतली माणसं बोलत होती, सगळी एकदम. अंधार पडेपर्यंत लिहीत राहिले. ओवी चहा घेऊन आली, कप ठेवून तिथेच उभी राहिली.

“आई, तू बोलली का नाहीस त्या बाईला? तुला येत होतं. मी बघितलं, तुझे ओठ हलले.”

“जाऊ दे गं. म्हातारी होती.”

“त्यासाठी नाही गप्प बसलीस तू.” ती लहानपणापासून अशीच, एकदा धरलं की सोडत नाही. तिनं माझ्यापुढच्या कागदांकडे बघितलं. मराठी तिला बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. मग तिनं विचारलं, अगदी साधं, एखाद्या परगावच्या पाहुण्याला विचारावं तसं,

“आई, तू इथे राहायला कधी येणार आहेस?”